सर्च मार... पण ब्राऊझरशिवाय!

रात्रीचे साडेअकरा. बाणेरच्या आमच्या टू-बीएचकेचा हॉल. माझ्या मांडीवर लॅपटॉप आणि ब्राऊझरमध्ये एकोणतीस टॅब उघडे. मला हवी होती फक्त एक तारीख : भारतात सर्वसामान्य माणसाला इंटरनेट नक्की कधी मिळालं? सकाळी नऊला लेख द्यायचा होता. पण तारीख शोधता शोधता मी एका नटीच्या लग्नाचे फोटो बघितले, सेलमधले शूज कार्टमध्ये टाकले, 'तुमच्या राशीला कुठलं झाड लावावं' हे वाचलं आणि कुकीज अॅक्सेप्ट करू का, नोटिफिकेशन देऊ का, अॅप डाऊनलोड करता का या प्रश्नांना निदान पंधरा वेळा 'नाही, माझी आई' असं उत्तर दिलं. तारीख? तीन साईट्सवर तीन वेगळ्या.

समोरच्या बीनबॅगवर माझी रूममेट. हिंजवडीत डेव्हलपर आहे, बोलण्यात कंजूष आणि चहात उदार. तिच्या स्क्रीनवर काळं मैदान आणि त्यावर पांढरी अक्षरं. तिनं काहीतरी टाईप केलं, एंटर मारला. दहा-बारा ओळी आल्या. तिनं एक आकडा दाबला, दोन मिनिटं वाचलं आणि म्हणाली, "१५ ऑगस्ट १९९५. व्हीएसएनएल. झोप आता."

"कुठे बघितलंस? गूगल तर उघडलंच नाहीस!"

"लागत नाही."

बॉस, 'लागत नाही'? गूगल लागत नाही म्हणजे काय? हे म्हणजे पुण्यात राहून टू-व्हीलर लागत नाही म्हणण्यासारखं झालं. त्या रात्री लेख वेळेत गेला. पण त्याच्या आधीच्या महिन्यात मी अशाच भटकंतीत दोन डेडलाईन घालवल्या होत्या आणि दर महिन्याचं एक नेमानं येणारं काम त्यापायी हातातून गेलं होतं. फ्रीलान्सरच्या भाषेत सांगायचं तर, अर्धं भाडं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता मी तिला म्हटलं, मला शिकव. एक आठवडा मी पण असंच सर्च करणार.

हॅकरवाली काळी खिडकी

तुम्ही म्हणाल, ही काय भानगड? सिनेमात हुडी घातलेला पोरगा खटाखट टाईप करतो आणि पेंटागॉनचं कुलूप उघडतं, ती काळी खिडकी म्हणजे कन्सोल. खरं तर तिच्यात कुलूप-बिलूप काही नसतं. कॉम्प्युटरला माऊसनं खाणाखुणा करण्याऐवजी सरळ शब्दांत हुकूम सोडायची ती जागा. प्रोग्रामर मंडळी दिवसभर तिथेच पडीक असतात. मग एखादी गोष्ट अडली की तिथून उठून ब्राऊझरमध्ये जायचं, तिथे चार जाहिराती चुकवायच्या, उत्तर घ्यायचं आणि परत यायचं, याचा त्यांना कंटाळा येतो. मग ते तिथूनच वेबला हाक मारतात.

गंमत म्हणजे तुमच्या ऑफिसच्या लॅपटॉपवरही हे आत्ता, या क्षणी होऊ शकतं. विंडोजमध्ये 'सीएमडी' टाईप करून काळी खिडकी उघडा. त्यात 'कर्ल' लिहा, एक जागा सोडा आणि 'डब्ल्यूटीटीआर डॉट इन स्लॅश पुणे' लिहून एंटर मारा. पुण्याचं तीन दिवसांचं हवामान येईल. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असे चौकोन आणि त्यात टिंबं-रेघांनी काढलेले ढग. फोटो नाही, व्हिडिओ नाही, 'हे अॅप वापरा' नाही. मी पहिल्यांदा केलं तेव्हा अक्षरशः टाळी वाजवली. (सर्व्हरवर गर्दी असली की हे प्रकरण कधी कधी रुसतं. आणि ऑफिसच्या आयटीवाल्यांनी फायरवॉल लावली असेल तर माझं नाव सांगू नका.)

हे 'कर्ल' म्हणजे केस कुरळे करणं नव्हे. डॅनियल स्टेनबर्ग नावाच्या स्वीडिश प्रोग्रामरला चॅटरूमवरच्या मंडळींसाठी चलनाचे दर वेबवरून आपोआप आणायचे होते. रोज हातानं कोण बघणार? त्या आळशीपणातून वाढत वाढत १९९८ मध्ये कर्ल जन्माला आलं. कुठल्याही वेब पत्त्यावर जाऊन तिथं जे असेल ते आणून पायाशी टाकायचं, एवढंच त्याचं काम. विंडोज १० मध्ये ते २०१८ पासून मुळातच दिलेलं आहे. आणि २०२१ मध्ये मंगळावर जे छोटं हेलिकॉप्टर उडालं ना, इंजेन्युइटी, त्याच्या मोहिमेत ज्या ओपन सोर्स सॉफ्टवेअर्सचा वापर झाला त्यांच्या यादीत कर्लही होतं. मंगळावरच्या मोहिमेला चालतं, मग बाणेरला का नाही?

पण कर्ल आणून टाकतं ते कच्चं. पानाचा सगळा सांगाडा, कोडसकट. माणसाला वाचता येईल असे सर्च रिझल्ट हवे असतील तर रूममेटकडे आहे 'डीडीजीआर'. एका भारतीय डेव्हलपरनं लिहिलेलं छोटंसं, फुकट टूल. डकडकगो या सर्च इंजिनला विचारून दहा रिझल्ट ओळीनं मांडतं. शीर्षक, शेजारी चौकटी कंसात कुठल्या साईटचं आहे ते, खाली दोन ओळींचा सारांश. तीन नंबरचा आवडला? ३ दाबा. पुढची पानं हवीत? एन. झालं? क्यू. संपला विषय.

पहिले दोन दिवस माझे हाल झाले, खोटं कशाला बोलू. हात आपोआप माऊसकडे जायचा. कमांडमध्ये एक स्पेस चुकली की कन्सोल तोंडावर दार आपटतं, आणि तेही इंग्रजीत. मराठीत शोधायला गेले तर अजून धमाल. या काळ्या खिडकीत प्रत्येक अक्षराला सारख्या मापाचा एक खण असतो. रोमन लिपीला ते छान बसतं. आपल्या काना-मात्रा-वेलांट्या त्या खणात मावत नाहीत, जोडाक्षरं तर पार विस्कटतात. 'पुणे' लिहिलं तर उकार एकीकडे, मात्रा दुसरीकडे आणि मध्ये ठिपक्यांचा गोल. मराठी विकिपीडियाच्या एपीआयला, म्हणजे प्रोग्रामसाठीच्या मागच्या दाराला, विचारलं तर तिथून अक्षरांऐवजी आकडे आले. 'प'च्या जागी ०९२ए, उकाराच्या जागी ०९४१, 'ण'च्या जागी ०९२३, मात्रेच्या जागी ०९४७. युनिकोडमधले आपल्या अक्षरांचे हे रोल नंबर. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. इतक्या वर्षांत तिथले हजारो लेख या काळ्या खिडकीतून धड वाचता येत नाहीत याचा मला उगाचच राग आला. रूममेटनं खांदे उडवले. "मराठीत टर्मिनल कोण वापरतं?"

तिसऱ्या दिवसापासून मात्र मजा यायला लागली. वेळ मोजायला स्टॉपवॉच लावलं नव्हतं. पण मला कळत होतं की मी प्रश्न घेऊन आत जातेय आणि उत्तर घेऊन बाहेर येतेय. मध्ये शूज नाहीत. नटी नाही. उजवीकडे नाचणारं काही नाही. आजकाल साधं एक वेबपेजही सहज दोन एमबीच्या वर जातं. त्यातला तुम्हाला हवा असलेला मजकूर असतो जेमतेम काही केबी. बाकीचा सगळा ऐवज तुम्हाला तिथे थांबवून ठेवण्यासाठी. कन्सोलला तो दिसतच नाही.

वेब जन्मलं तेच असं

आठवडा संपायच्या आत मला या सगळ्याचा इतिहास खणायची हुक्की आली. (कन्सोलमधून खणला, प्रॉमिस.) आणि लक्षात आलं की माझी रूममेट काही फार हटके करत नाहीये. उलट आपण सगळे हटके झालोय.

वेबच्याही आधी, १९९० मध्ये कॅनडातल्या मॅकगिल युनिव्हर्सिटीत अॅलन एमटेज या बार्बाडोसहून आलेल्या विद्यार्थ्यानं 'आर्ची' बनवलं. जगभरच्या सर्व्हरवर पडलेल्या फाईलींची नावं शोधून देणारं. सर्च इंजिनांचा खापरपणजोबाच म्हणा. ते वापरायचं कसं? काळ्या स्क्रीनवर टाईप करून. मग १९९१ मध्ये स्वित्झर्लंडच्या 'सर्न' प्रयोगशाळेत वेब आलं, तेव्हा बहुतेकांच्या कॉम्प्युटरवर ते दाखवणारा ब्राऊझर चालतच नसे. म्हणून निकोला पेलो या विद्यार्थिनीनं फक्त अक्षरांवर चालणारा 'लाईन मोड' ब्राऊझर लिहिला. लिंकच्या पुढे कंसात आकडा. तो आकडा दाबला की पुढचं पान. डीडीजीआरमध्ये मी तीन दाबत होते ना, तेच! आणि सर्नमधल्या लोकांनी वेब आधी कशासाठी वापरलं माहितीये? ऑफिसची टेलिफोन डिरेक्टरी बघायला. कुणाचा एक्स्टेन्शन नंबर काय, हे.

१९९२ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस युनिव्हर्सिटीत 'लिंक्स' बनलं. तेही अक्षरांचंच ब्राऊझर. वर-खाली बाणांनी लिंक निवडायची, उजव्या बाणानं आत, डाव्यानं मागे. ते आजही चालू आहे, आजही दुरुस्त होतंय. अजून सांभाळल्या जाणाऱ्या ब्राऊझरांत सगळ्यात म्हातारं.

आणि एक मसालेदार किस्सा. २००० च्या सुमारास 'सर्फरॉ' नावाचं टूल आलं. कन्सोलमध्ये साईटचं नाव आणि शब्द लिहिला की थेट त्या साईटवर सर्च. नावातच वेबविरुद्ध बंडाची भाषा, आणि त्यातल्या छोट्या छोट्या स्क्रिप्ट्सना म्हणायचे 'एल्व्ही'. लिहिणारा कोण? ज्युलियन असांज. होय, तोच. विकीलीक्सच्या आधी हे महाशय लोकांना जाहिरातींपासून वाचवत होते.

कंपन्यांनीही एके काळी याचं स्वागतच केलं. गूगलनं एप्रिल २००२ मध्ये प्रोग्रामर लोकांसाठी एक दार उघडलं. की घ्या आणि दिवसाला हजार सर्च फुकट करा, तुमच्या प्रोग्राममधून, तुमच्या कन्सोलमधून. पोरं त्यावर तुटून पडली. डिसेंबर २००६ मध्ये नव्या की देणं थांबलं आणि २००९ मध्ये दार बंद. याहूनं त्याच धर्तीवर 'बॉस' नावाची सेवा काढली, २०१६ मध्ये तीही गुंडाळली. मायक्रोसॉफ्टनं बिंगचं दार ऑगस्ट २०२५ मध्ये लावून घेतलं. आणि गूगलनं जानेवारी २०२५ पासून साध्या सर्चलाही जावास्क्रिप्ट सक्तीची केली. कारण दिलं बॉट आणि स्पॅमचं. ते काही अगदी खोटं नाही, बॉट्सचा सुळसुळाट आहेच. पण परिणाम असा की जावास्क्रिप्ट न समजणारं लिंक्स, जे गूगलच्याही आधीचं आहे, ते गूगलच्या उंबऱ्यावरच अडतं. रूममेट म्हणाली होती ना, 'लागत नाही'? तिचं गूगल सर्चचं जुनं स्क्रिप्ट एका सकाळी असंच मेलं होतं. 'लागत नाही' हा तिचा अभिमान नव्हता, घटस्फोटानंतरचं बोलणं होतं ते!

आता कन्सोलमध्ये बसून गप्पा मारणारे एआयही आलेत. तिच्या ऑफिसातले बरेच जण सर्च करतच नाहीत, विचारतात. मीही विचारलं. उत्तर ठणठणीत आलं. पण लेखात तारीख छापायची तर ती कुणी सांगितली हे मला हवं असतं, त्यामुळे मी आपली दहा ओळींच्या यादीवरच बरी.

"अगं, लिंक्स? ते आम्ही वापरलंय!"

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलनं इंटरनेट दिलं तेव्हा स्वस्तातली अकाउंट्स होती 'शेल अकाउंट्स'. चित्रं नाहीत, फक्त अक्षरं. माझा जन्म त्यानंतरचा. म्हणून मुलुंडला बाबांना फोन लावला. म्हटलं, एखादा कोट मिळेल.

कोट कसला, तासभर व्याख्यान मिळालं! १९९६ मध्ये बाबांच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या मुलाकडे विद्यार्थ्यांसाठीचं शेल अकाउंट होतं. रविवारी सकाळी बाबा आणि ते सहकारी त्या पोराला वडापाव आणून द्यायचे आणि तो त्यांना अर्धा तास बसू द्यायचा. (नियमात बसत होतं का, ते आता तीस वर्षांनी विचारू नका.) मोडेमची ती कर्कश शीळ, तीनदा फोन एंगेज, आणि मग काळ्या स्क्रीनवर लिंक्स. "बाणाची बटणं दाबायची गं. उजवा दाबला की आत, डावा दाबला की बाहेर. क्रिकेटचा स्कोअर बघायचो. एवढं सोपं होतं! आता ते कसलं काय काय उडतं स्क्रीनवर."

मग फोन आईनं घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन, हळू आवाजात, मला जे सांगितलं ते मला एक महिना कुणी सांगितलंच नव्हतं.

बाबांना काचबिंदू आहे. औषधं चालू आहेत, पण बारीक अक्षर आता दिसत नाही आणि पांढऱ्या झगझगीत स्क्रीनचा त्रास होतो. मागच्या महिन्यात त्यांना क्रेडिट कार्डाबद्दल बँकेला फोन करायचा होता. नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो, पण तो वाचता येईना. आईला विचारायचं नव्हतं, मला फोन करायचा नव्हता. दर गोष्टीला कुणाला तरी विचारायचं याचा त्यांना अलीकडे राग येतो. म्हणून मोबाईलवर शोधला. सगळ्यात वर, ठळक अक्षरांत बँकेचं नाव आणि नंबर. लावला. पलीकडचा माणूस अगदी अदबीनं, 'सर, सर' करत बोलला. म्हणाला, एक छोटं अॅप टाका, मला तुमचा स्क्रीन दिसला की लगेच काम करतो. बाबांना ते अॅप सापडेना, म्हणून त्यांनी आईला हाक मारली. आईनं दोन वाक्यं ऐकली आणि फोन कट केला.

पैसे गेले नाहीत. (गेले असते तर पहिला फोन १९३० ला, हे पाठच करून ठेवा. आणि तुमच्या घरच्यांकडूनही करून घ्या.) पण तेव्हापासून बाबांनी शोधणंच सोडलं होतं. आईच्या शब्दांत, "काही विचारलं तर म्हणतात, जाऊ दे, काय करायचंय समजून."

माझे बाबा. ज्यांनी मला लहानपणी प्रत्येक प्रश्नाला 'चल, शोधूया' म्हणत शब्दकोश काढायला लावला.

मुलुंड, शनिवार

शनिवारी मी आणि रूममेट दोघीही मुलुंडला. तिला मी बोलावलं नव्हतं, तीच म्हणाली, "मी येते, तू स्पेस चुकवशील." माझा कॉलेजातला जुना लॅपटॉप माळ्यावर होता. तिनं त्यावर लिनक्स चढवलं, डीडीजीआर आणि लिंक्स टाकलं, चालू केला की थेट काळी खिडकीच उघडेल असं केलं. अक्षराचा आकार वाढवत वाढवत बाबा 'बास' म्हणेपर्यंत नेला. पांढरं नको म्हणाले, म्हणून पिवळं. कमांडची कटकट नको म्हणून तिनं एक छोटी युक्ती केली : 'शोध' असं इंग्रजी अक्षरांत लिहायचं आणि पुढे प्रश्न. बस्स.

बाबांनी पहिला शोध कशाचा घ्यावा? बँकेच्याच नंबरचा. आम्ही दोघी श्वास रोखून. पाच रिझल्ट आले. इथेही सगळे खरेच असतील असं नाही, खोटी पानं साध्या रिझल्टमध्येही घुसतात. पण इथे प्रत्येक शीर्षकाच्या शेजारी पत्ता उघडा पडलेला असतो, सगळ्या ओळींना सारखाच आकार, कुणी ठळक नाही, कुणी रंगीत नाही. मी बाबांना सांगितलं की रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'नं संपणाऱ्या पत्त्यावर जायला सांगितलं होतं. तेव्हा शेवट तेवढा बघा. बाबांनी नाक स्क्रीनला लावून एकेक पत्ता मोठ्यानं वाचला, शाळेत हजेरी घ्यावी तसा. "हा नाही. हा नाही. हा कोण? हाही नाही. हा! बँक डॉट इन!" आत गेले. मोठ्या पिवळ्या अक्षरांत टोल-फ्री नंबर. आईनं कार्ड पालथं करून, चष्मा लावून ताडून पाहिला. जुळला.

बाबा काही बोलले नाहीत. नुसतं डाव्या बाणाचं बटण दाबून मागे आले, परत उजवा बाण दाबून आत गेले. दोन-तीनदा.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर या खेळण्यानं सगळं होत नाही. नेटबँकिंग नाही. रेल्वेचं रिझर्व्हेशन नाही. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचं पान उघडायला गेलो तर लिंक्सनं कोऱ्या चेहऱ्यानं दोन ओळी दाखवल्या आणि विषय संपवला. जावास्क्रिप्ट नसेल तर ही पानं उघडतच नाहीत. त्या कामांना बाबांना अजूनही माझी किंवा आईची गरज आहे, आणि ते त्यांना आवडत नाही, आणि त्यावर माझ्याकडे उपाय नाही. नकाशे नाहीत, फोटो नाहीत. दुकानाची वेळ, हॉटेलचा मेनू, असलं काही शोधायचं तर मीही मुकाट्यानं ब्राऊझरच उघडते.

अडलं ते मराठीपाशी. इंग्रजी बाबा वाचतात, पण निवांत वाचायला त्यांना मराठी लागतं आणि विस्कटलेल्या मात्रा बघून ते वैतागले. "हे मराठी आहे की काचबिंदू माझ्यापेक्षा यालाच जास्त झालाय?" त्यावर रूममेटनं डोकं खाजवलं. लिंक्सला एक सोय आहे, पानातला फक्त मजकूर काढून दुसऱ्या प्रोग्रामच्या हवाली करायची. तो मजकूर तिनं 'ई-स्पीक एनजी' नावाच्या फुकट टूलला दिला. ते मजकूर मोठ्यानं वाचतं आणि चक्क त्याला मराठी येतं. आवाज अगदी यंत्रमानवाचा, पण चित्रंही मध्ये येत नाहीत आणि मात्राही सांडत नाहीत.

पहिलं पान बाबांनी निवडलं मराठी विकिपीडियावरचं, सायकलीवरचं. टेबलावरच्या लॅपटॉपमधून तो आवाज यायला लागला आणि दोनच मिनिटांत बाबांनी हात वर केला.

"थांबव. थांबव. हा 'चाक' कसं म्हणतोय ऐकलंस? चहातला 'च' लावलाय चाकाला!"

"काका, त्याला कसं कळणार? लिहिताना दोन्ही सारखेच असतात," रूममेट म्हणाली.

"मग कुणीतरी सांगायला नको का त्याला?"

तिनं सांगितलं की हे टूल ओपन सोर्स आहे, उच्चारांचे नियम फाईलींमध्ये लिहिलेले असतात आणि कुणीही दुरुस्ती सुचवू शकतं. बाबांनी विचारलं, कुणीही म्हणजे कोण? ती म्हणाली, कुणीही म्हणजे कुणीही.

रविवारी रात्री आम्ही पुण्याला परत आलो. मंगळवारी बाबांचा फोन. मला नाही, तिला. स्पीकरवर टाकला तर पलीकडून कागद उलटल्याचा आवाज. बाबांनी यादी केली होती. एका बाजूला चहा, चंद्र, चिमणी, जग, जीवन. दुसऱ्या बाजूला चाक, चमचा, चूल, जाड, जावई. आईनं जुन्या डायरीच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलेली.

"सध्या चौसष्ट शब्द झालेत," बाबा म्हणाले. "'झ'चं नंतर बघू. आता ती फाईल कुठे असते ते सांग. शोध म्हणून काय लिहायचं?"